ताईच्या औषधाची किल्ली

जिन्याखालचं त्याचं दुकान इतकं अरुंद होतं, की तो आत बसला की बाकी सगळ्या जगाने बाहेर उभं राहायचं. तिथे बसून तो किल्ल्या कानशीने घासायचा, अडलेली कुलपं उघडायचा आणि गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचा. सारी गल्ली त्याला मास्तर म्हणे. परगावी जाताना लोक घराची जादा किल्ली निर्धास्तपणे त्याच्याकडे टाकून जात.

याच मास्तरला पाहून एके काळी याच लोकांनी दारं लावून घेतली होती. ऐन विशीत त्याला पावडरीचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन लागलं आणि बघता बघता घरातलं किडूकमिडूक बाहेर गेलं. शेवटी थोरल्या बहिणीचं शिवणयंत्रही गेलं. दोघांचं पोट त्या यंत्रावर चालत होतं. ताईने आरडाओरडा केला नाही. त्याच्या दंडाला धरून तिने त्याला सरळ व्यसनमुक्ती केंद्रात नेलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हा माझा भाऊ. दुरुस्त करून द्या. दुसरा नाही माझ्याकडे."

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो केंद्रावर जाई. गोळी जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत गप्प बसायचं आणि मग तोंड उघडून दाखवायचं, हा तिथला नियम. त्या गोळीने नशा चढत नसे, पण तलफ बसून जाई आणि हात थरथरत नसत. "एक सोडून दुसरं धरलंस की," असं कोणी म्हणालं, तर तो कानस न थांबवता विचारी, "तुमच्या चष्म्याला कोणी व्यसन म्हणतं का?"

मग ताईचा कॅन्सर मणक्यात उतरला. तिला बसवेना, की आडवं होववेना. घरी येऊन बघणाऱ्या नर्सबाईंनी मॉर्फिनचं पातळ औषध आणलं. ठरलेल्या वेळांना, दुखो न दुखो, मापाने घ्यायचं, असं त्यांनी बजावलं. शिवाय पोट साफ होण्याचं औषधही चुकवायचं नाही, "नाहीतर मला शिव्या घालाल," म्हणाल्या.

मॉर्फिन हे नाव मास्तरला नवं नव्हतं. ते पावडरीच्याच कुळातलं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! आणि बाटली आता त्याच्याच घरात राहणार होती. दुकान बंद ठेवून त्याने जाड पत्र्याची पेटी केली, तिला आजवरचं सगळ्यात चिवट कुलूप बसवलं आणि एकुलती एक किल्ली शेजारच्या वहिनींच्या हातात ठेवली.

ताई उशांना टेकून सगळं बघत होती. "अरे, कुलूप करणाऱ्यालाच कुलूप दाखवतोस? केसातल्या आकड्याने उघडशील."

"उघडीन ना. पण ओरखडा उठेल आणि तो तुला दिसेल."

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी बाटली उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर, काहीतरी गडबड आहे."

"मी हात नाही लावला हो!" तो जवळजवळ ओरडलाच.

"तेच तर. औषध उरलंय. तुमच्या घरी उलटी चोरी होते की काय?"

किल्ली घेऊन आलेल्या वहिनींनी ताईकडे पाहिलं. ताई उसवलेल्या उशीचा दोरा ओढत राहिली. "वहिनींना कितीदा हाक मारायची? त्यांना त्यांचा संसार आहे. अगदीच सोसेना की बोलावते."

"आणि तेव्हाही अर्धंच द्या म्हणतात," वहिनींनी चहाडी केली.

"अशाने दुखणं कायम औषधाच्या पुढे पळणार," नर्सबाई म्हणाल्या.

पेटी मास्तरने स्वतःला अडवायला केली होती आणि अडली होती ताई. पण अर्धं का? सगळे गेल्यावर तो तिच्या पायाशी जाऊन बसला. "ताई, माझी भीती वाटते का तुला?"

"तुझी? मला माझी वाटते. पावडर मिळाली नाही की भिंतीवर डोकं आपटताना बघितलंय मी तुला. म्हातारपणी मी तसं करू?"

मास्तरला हसू आवरेना. "म्हणजे मला विचारायचं सोडून स्वतःच डॉक्टरकी केलीस! अगं, या विषयात आख्ख्या गल्लीत माझ्याएवढा शिकलेला कोण आहे? सांग, दुखायचं थांबलं तर पहिल्यांदा काय करशील?"

"ही उशी शिवीन. किती दिवस डोळ्यांत खुपतेय."

"पावडर घेतल्यावर मला तू आठवत नव्हतीस, उशी कसली आठवतेय! अंगाला औषधाची सवय होईल, ते खरं. म्हणून ते एकदम तोडायचं नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतील. ते व्यसन नव्हे. आणि कुलूप अडल्यावर ठोकाठोकी करायची, की आधीच तेल घालायचं?"

"भाषण झालं असेल तर किल्ली तू ठेव. त्या बिचारीला पळवू नकोस."

तो लगेच हो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गोळी विरघळल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंपुढे सगळं मांडलं. पेटी राहू दे, बाटली नर्सबाई मोजतील, किल्ली खुशाल ठेवा, त्या म्हणाल्या. मात्र मन जरा जरी हललं, तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. तो घरी आला, तेव्हा ताईने वहिनींकडून किल्ली मागवून घेतली होती. तिने ती त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती झेलली.

वेळ झाली तशी त्याने पेटी उघडली, माप भरलं आणि तिच्यापुढे धरलं. ताईने डोळे मिटून सगळं पिऊन टाकलं.

"आता तोंड उघड."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आमच्या केंद्राचा नियम आहे."

ताईने तोंड उघडलं आणि जाता जाता जीभही काढून दाखवली. मास्तरने पेटी बंद करून किल्ली खिशात टाकली आणि तो दुकान उघडायला निघाला.

ठरलेल्या वेळा न चुकवता आणखी काही दिवस गेले. एका दुपारी औषध द्यायला तो घरी आला, तर ताई खिडकीशी बसलेली, मांडीवर उशी.

"उभा काय राहिलास? सुईत दोरा ओवून दे. हात थरथरत नाहीत ना तुझे?"

"मुळीच नाही," मास्तर म्हणाला आणि पहिल्याच झटक्यात त्याने दोरा ओवला.