कॅलेंडरच्या जागी चित्र

फोनवर विक्रीच्या घरांचे फोटो मी रोज दुपारी बघतो. घ्यायची ऐपत नाही, तरी बघतो. हे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. आमच्या जुन्या बैठ्या चाळीला आता ‘रो-हाऊस’ म्हणतात. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत कॉफी मिळते आणि आम्ही भाड्यानं राहायचो ते घर तीन कोटींना आहे. जो कुणी ते घेईल, त्याच्यावर मी आत्तापासून जळतो.

काल मात्र बरं वाटलं. त्या घराच्या फोटोत, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठं चित्र दिसलं. नेमकी तिथंच दर पावसाळ्यात ओल यायची आणि आम्ही ती कॅलेंडरनं झाकायचो. तीन कोटी देणाऱ्यालाही ओल चुकायची नाही, असं मनात आलं आणि मी एकटाच हसलो.

“काय बघताय एवढं?”

बायको मागं उभी होती. लपवायला वेळच मिळाला नाही. तिनं चष्मा पुसून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

“खिळा आपलाच असेल का हो?”

मी फोटो मोठा केला. सगळं नुसतं धूसर झालं.

“अजून मोठा करा,” ती म्हणाली.