तडा जायच्या आधी

नात बर्फाच्या मुलुखात इंजिनिअर आहे. काल तिने फोनवर तिथली शाळा दाखवली. भिंतीला एक तडा नाही. तिथली जमीन आत कायम गोठलेली, म्हणून शाळा खांबांवर उभी आणि खाली गार वाऱ्याला जागा मोकळी. पण मुलांचे पाय गारठतात म्हणून लोकांनी ती खालची जागा फळ्यांनी बंद केली. शाळेची ऊब जमिनीत उतरली आणि बर्फ वितळू लागला.

"आजी, आता फळ्या काढल्या तरी हा कोपरा उन्हाळ्यात वीतभर खचेल. मुलं हलवायला सांगितलंय."

"नाही खचला तर गाव तुला हसेल, बये."

"हसू दे. मी चुकले तर शाळा वाचेल."

आम्ही काळ्या मातीत घर बांधलं आणि जन्मभर तडे लिंपत बसलो. ही तडा जायच्या आधी बोलते. एवढं शिकलेलं माणूस चुकायला राजी असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.