‘रचना माझी आहे’ म्हणणाऱ्या सुनंदाबाई बर्वे

मी बाईंना पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या हातात मी घासलेला पितळी तुकडा होता आणि त्यावर खडूने एक गोल काढलेला होता. ठाण्यात विजेचे स्विच बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नुकताच फिटर म्हणून लागलो होतो. बाई तिथे ड्रॉइंग काढत. एवढ्या लांब टूलरूममध्ये त्या स्वतः चालत आल्या आणि म्हणाल्या, “तांडेल, इथे केसभर जास्त आहे.” मी म्हटले, “बाई, केसभराने काय होतंय?” त्यांनी तुकडा माझ्या हातात ठेवला. “बसवून बघा.” तो बसला नाही. त्या दिवशी तो तुकडा मी तीन वेळा घासला आणि तिन्ही वेळा बाई आपल्या जागेवरून उठून तो पाहायला आल्या. रागावल्या एकदाही नाहीत.

सुनंदाबाई बर्वे यांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताखाली सर्वांत जास्त काळ मी काम केले, म्हणून या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला. मी आधी नाही म्हटले होते. का, ते पुढे कळेल.

कारखाना बंद पडला, त्या जागी टॉवर उभे राहिले, आणि आम्ही घरी बसलो. काही महिन्यांनी बाईंनी आम्हा चौघांना बोलावून माजिवड्यामागे एक गाळा घेतला. सुरुवातीला उंच चिमण्या आणि पाण्याच्या टाक्या तपासणारे लहान ड्रोन आम्ही बनवत असू. एकदा सैन्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी गाळा पाहायला आले. ते म्हणाले, चौकीवरच्या जवानांना प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र मिळते, तेही महाग; एक बिघडले की ते काम अडले. बाईंनी हे मनावर घेतले. वर्षभर खपून त्यांनी ड्रोनच्या पोटाखाली बसणारी एक पट्टी आणि तिचा खटका तयार केला. हातमोजे न काढता, कोणत्याही हत्याराशिवाय त्या पट्टीला हवे ते जोडता येई: कॅमेरा, औषधांची पेटी, भोंगा, नाहीतर स्फोटक.

हा शेवटचा शब्द बाईंनी कधी टाळला नाही. एक पाहुणे बोलताना सारखे ‘चौथा पेलोड, चौथा पेलोड’ म्हणत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, “बाँब म्हणा. आम्ही काय बनवतो ते आम्हाला माहीत असू दे.”

माझी आई खाडीवरची कोळीण, ठाण्याच्या बाजारात मासळी विकणारी. शेवटच्या आजारात ती इस्पितळात होती तेव्हा बाई रोज संध्याकाळी गाळ्यातून थेट तिथे जात. आईला केसांचा गुंता सहन होत नसे. बाई तिची वेणी घालून देत आणि आईच्या सगळ्या तक्रारी ऐकून घेत. आई मला म्हणाली, “ही बाय तुला कधी सोडाची नाय. तू तिला सोडू नको.”

आता जे लिहायचे ते लिहितो.

ड्रोनची पहिली सरकारी चाचणी खडवलीच्या पुढे नदीकडच्या माळावर होती. निघण्याच्या सकाळी खटका पुसताना त्यातली स्प्रिंग तुटलेली मला दिसली. तशी दुसरी शिल्लक नव्हती. त्याच लांबीची, पण थोडी मऊ अशी एक स्प्रिंग दुसऱ्या डब्यात होती. ती मी बसवली. दोनदा ओढून पाहिली, धरली. चालेल, असे वाटले. कोणाला सांगितले नाही.

बाईंचे पती श्रीकांत बर्वे सर शाळेत भूगोल शिकवत. सर्वांसाठी डबे घेऊन ते माळावर आले होते आणि खूप लांब, गाडीजवळ उभे होते. ड्रोनखाली औषधांच्या पेटीइतकी जड वाळूची पेटी होती. जाताना सगळे नीट झाले. परतताना वाऱ्याने ड्रोन गाडीच्या बाजूला ढकलला गेला, हिसका बसला आणि खटका सुटला. पेटी सरांच्या पाठीवर पडली. कमरेखाली त्यांना त्या दिवसापासून काही जाणवत नाही.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. बाई इस्पितळातून तिथे आल्या. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारले, “जोडणी कोणाची होती?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “रचना माझी आहे. एका स्प्रिंगवर सगळा भार टाकणारी रचनाच चूक आहे. तसं लिहून घ्या.” तसे लिहून घेतले गेले, आणि मी तोंड मिटले.

संध्याकाळी गाळ्यात त्यांनी ती स्प्रिंग माझ्यापुढे ठेवली.

“ही तू बसवलीस?”

“हो.”

“सांगितलं का नाहीस?”

“बाई, वेळ नव्हता. वाटलं, चालेल.”

त्यांनी ती स्प्रिंग उचलून खणात ठेवली. मग म्हणाल्या, “त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, काशिनाथ.” सरांनी कधी विचारले नाही.

पुढचे तीन आठवडे बाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर नवे ड्रॉइंग ठेवले. स्प्रिंगचे घर असे केले होते की चुकीची स्प्रिंग त्यात जाणारच नाही, आणि एक खटका सुटला तरी दुसरा धरून राहील. त्या एवढेच म्हणाल्या, “माणूस चुकणारच. त्याला चुकता येणार नाही असं घर करायला हवं होतं. ते मी केलं नव्हतं.” आज चौक्यांवर जातो तो खटका हाच.

अपघातानंतर दर रविवारी मी वर्तकनगरला त्यांच्या घरी जाऊन सरांना आंघोळ घालू लागलो. सर मला नद्यांची नावे विचारत, चुकलो की हसत.

मग एकदा डोंगरावरच्या एका चौकीवरून फोन आला. बर्फात अडकलेल्या जवानाला औषध पोहोचले, तो वाचला. गाळ्यात पेढे आले. त्याच आठवड्यात दुसरा निरोप आला, की ‘चौथा पेलोड’, म्हणजे बाँबही, अगदी नेमका पडला. कोणीतरी पुन्हा पेढ्यांचा बॉक्स उघडला. बाईंनी तो बंद केला.

“खाली कोण होतं, विचारलंत का कोणी?”

कोणीच विचारले नव्हते. मला त्या म्हणाल्या, “वरून पडलेल्या वस्तूखाली माणूस असतो, काशिनाथ. आपल्या घरात एक आहे.”

मी विचारले, “मग बंद करूया का हे?”

“नाही. आपण बंद केलं तर त्या पोरांना औषधही मिळायचं नाही. काम करायचं. पेढे नकोत.” आणि त्या आपल्या टेबलाकडे वळल्या. त्या दिवसानंतर आमच्या गाळ्यात कशाचेच पेढे वाटले गेले नाहीत. या गौरवग्रंथालाही बाईंनी फार नाखुशीने होकार दिला आहे.

लेख मागितला गेला तेव्हा मी बाईंना म्हणालो, “लिहीन तर खडवलीचं लिहीन. ते सोडून तुमच्यावर लिहिलं तर ते खोटं होईल.” त्या म्हणाल्या, “लिही. पण आधी त्यांना सांग. छापल्यावर कळायला नको.”

मागच्या महिन्यात एका रविवारी सरांचे अंग पुसून झाल्यावर मी त्यांच्या पलंगाजवळ बसलो आणि सांगितले. सरांनी सगळे ऐकले. “म्हणजे इतकी वर्षं तू इथे येत होतास, आणि…” एवढे बोलून ते थांबले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “आता येऊ नकोस.”

बाई दारात उभ्या होत्या. मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. “लेख दे,” म्हणाल्या. “बाकीचं माझ्यावर सोड.” गाळ्यात त्या पूर्वीसारख्याच बोलतात. सरांविषयी मी विचारत नाही.

आता रविवारी सरांना त्या एकट्या उचलतात. त्यांची स्वतःची कंबर दुखते, मनगट सुजलेले असते. सोमवारी पेन्सिल धरताना ते मला दिसते. म्हणून आरोग्याच्या शुभेच्छा मी रीतीपुरत्या देत नाही. बाईंच्या हातापायांत खरेच बळ राहो. त्यांना आणि सरांना पुष्कळ आयुष्य लाभो. माझ्यावरचा राग ओसरायला सरांना जेवढी वर्षे लागतील, निदान तेवढे तरी.