डाग नसलेली कवळी

तार आली तेव्हा मी साताऱ्याच्या कचेरीत, टेबलाच्या खणाआड हात लपवून तंबाखू मळत होतो. 'मामा गेले, निघा.' मळलेला बार तोंडात टाकायचा राहिला, फेकायचाही राहिला… पलूसच्या एसटीत बसल्यावर मूठ उघडली, तर तो तसाच. मामांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "सदा, गड्या, हे शेण कवा सोडणार रं तू?"

मामा पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. मामीनं लग्नात एकच अट घातली होती, घरात तंबाखू नको. पलटणीत मिळणाऱ्या सिगारेटीसुद्धा मामा दुसऱ्यांना वाटून टाकायचे. त्यांच्याकडे गेलो की मला गोठ्यामागं जाऊन बार भरावा लागे, आणि तिथल्या म्हशीदेखील माझ्याकडे तुच्छतेनं बघत.

दात पडले तशी मामांनी सांगलीत कवळी करून घेतली. ऊस सोडला तर सगळं खात होते. पुढं ती टाळूला रुतायला लागली. मामा बंदुकीपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं स्वतःच दुरुस्त करणारे. विळ्याला धार लावायची कानस घेऊन ओट्यावर बसले आणि कवळी घासली. पुन्हा रुतली, पुन्हा घासली. "उन्हानं आकसली असेल," हे माझं पांडित्य. कवळी आहे तेवढीच आहे, तोंडच आतून भरत चाललंय, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दुखत नव्हतं ना…

शेवटी आम्ही तिघं सांगलीला गेलो, ते कवळी करणाऱ्या डॉक्टरांशी भांडायला. त्यांनी कवळीकडे पाहिलंच नाही, टाळूवर बोट फिरवलं. एका बाजूला निळसर, मऊ फुगवटा होता.

"ठणकतं?"

"न्हाई."

"गळू म्हणावं, तर गळू धरायला दात तरी हवा. इथं एकही नाही." मग मानेवरून बोटं फिरवताना त्यांना जबड्याखाली रबरासारखी गाठ लागली. त्यांनी मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं टाळूचा छोटा तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवला. उत्तर आलं, लिम्फोमा, कॅन्सरचाच एक प्रकार.

तोंडाचा कॅन्सर म्हटल्याबरोबर मामी मामांकडे वळली. "खरं सांगा. चोरून खात हुता न्हवं?"

रोगाचं नाव उभ्यानं ऐकणारे मामा ह्या वाक्यासरशी खुर्चीत बसले. "डागदरसाब, माजं काय व्हायचं ते हू द्या. आदी हिला सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं, हा तंबाखूचा रोग नव्हे. गळ्यात, काखेत, जांघेत आपल्या अंगात ज्या बारीक गाठी असतात, त्यांच्या जातीच्या पेशींचा हा रोग. कुणाला मानेत दिसतो, ह्यांना टाळूत दिसला. मामी ऐकत होती. पटलं की नाही, ते मात्र बोलली नाही. परतताना एसटीत मामा खिडकीकडे आणि मामी पुढच्या बाकाकडे बघत बसली. मध्ये मी, खिशात तंबाखूची डबी सांभाळत.

मुंबईला नेऊन किरणं दिली, तसा फुगवटा लोण्यासारखा विरघळला. आता घासून पातळ झालेली कवळी ढिली पडली! मामा हसले की ती खाली यायची. "हिला पाचर मारू काय रं?" म्हणायचे, आणि पुन्हा हसायचे. शेंगा निघाल्या तेव्हा मी गेलो होतो. माझ्या कुठल्याशा थापेवर मामा मोकळेपणी हसले, आणि कवळी हलली नाही, पुन्हा घट्ट बसली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "खा, गार हुत्यात…"

मामा गेल्यावर गावानं आपला निकाल दिला. भेटायला आलेली शेजारीण मामीजवळ बसून म्हणाली, "पलटणीत खाल्ली आसंल, बाई. तोंडाचा रोग उगंच हुतोय व्हय?"

मामी उठली. दाढीच्या आरशाखालच्या फळीवर वाटीत कवळी होती, ती घेऊन आली. "बघ. हाय का कुटं डाग? कानशीचं वरखडं हायती, पर डाग हाय का?" शेजारीण निघून गेली, तरी मामी तशीच हात पुढं करून उभी होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्यास्नी 'पटलं' म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं रं… तू बी बघ, सदा."

मी हात पुढे केला, तळव्यावर तंबाखूची पिवळी झाक दिसली, आणि तो तसाच मागं घेतला. न्हाणीत जाऊन दोन्ही हात राखेनं घासून धुतले. मग आलो.