लाल ठिपका

ताईचा आवाज माइकवर कसा लावायचा हे अख्ख्या नाशकात मला एकट्यालाच कळतं, अशी माझी खात्री होती. खात्री कसली, माजच होता तो. नव्वदच्या सुरुवातीला मी कार्यक्रमांना साउंड द्यायला लागलो आणि पहिल्याच वर्षी तिचं सेटिंग पक्कं करून टाकलं. ताईचा आवाज खालच्या सुरांत भरदार, म्हणून बेस थोडा उतरवायचा, नाहीतर शब्द घुमतात. ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, मध्यापेक्षा किंचित पुढे. एको अगदी नावाला. मिक्सरवर ट्रेबलच्या बटणापाशी मी तिच्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. बटणाची रेघ ठिपक्यावर आली की ताई गायला मोकळी.

ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, मखमलाबादच्या मळ्यात दिलेली. सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि मग हळद, बारसं, नवरात्र, कुणी बोलावेल तिथे जाऊन गायचं. गाणं नसतं तर त्या घरात ती कोमेजून गेली असती.

माझी दहा-बारा वर्षं भोंग्यांच्या पायथ्याशी गेली. हळूहळू मला ठिपक्यावर तिचा आवाज दबलेला वाटायला लागला, तोंडावर पदर धरून गातेय तसा. मी ट्रेबल वाढवला. पुढच्या वर्षी आणखी. रेघ ठिपका सोडून पार पलीकडे गेली, तेव्हा मी मिक्सरला शिव्या घातल्या. जुना झाला म्हणे.

"लय टोचतंय रे कानाला," ताई एकदा म्हणाली.

"तू गायचं बघ. आवाजाचं मी बघतो," मी खेकसलो.

तिने ऐकून घेतलं. मग बायकाच तिला सांगायला लागल्या, आवाज चिरका झालाय तुमचा. तिने दही सोडलं, चिंच सोडली, दोन्ही वेळ मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. पट्टी उतरवली. माइकपासून हातभर लांब उभी राहून चोरट्यासारखी गायला लागली. मी आणखी ट्रेबल दिला. शेवटी म्हणाली, "संक्रांतीचं हळदीकुंकू झालं का गाणं बंद. माझा गळा गेला आता." मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. तरी 'गाणं सोडू नको' असं मी म्हणालो नाही.

हळदीकुंकवाला ती नेहमीसारखी लांबच उभी राहिली, म्हणून मी आवाजही चढवला. दुसरं गाणं रंगात आलं आणि एकाएकी पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात दाबले. मांडीवरचं एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. कुणाच्या हातातली तिळगुळाची वाटी सांडली. यांना झालंय तरी काय, म्हणून मी मिक्सरपाशी निवांत बघत उभा.

"अरे शिट्टी मारतोय माइक, बंद कर!" ताई ओरडली.

कसली शिट्टी? मला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. मी घाईघाईने माइक बंद केला. ताई माझ्याजवळ आली.

"तुला ऐकू नाय आलं?"

वायर सैल आहे, असं अगदी तोंडात आलं होतं. तेवढ्यात ठिपका दिसला, आणि त्याच्या पार पलीकडे गेलेली रेघ. शरमेने माझे कान तापले. निदान तेवढं तरी त्यांना कळत होतं.

"नाही आलं," मी म्हणालो. "ताई, तुझा गळा चांगला आहे. माझे कान गेलेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या वर्षांच्या गुळण्या मला तिच्या चेहऱ्यावर दिसल्या. तिने स्वतःच्या हाताने रेघ ठिपक्यावर आणली. मी चढवलेला आवाज उतरवून माइक चालू केला. ती माइकजवळ जाऊन उभी राहिली आणि जुन्या पट्टीत गाणं धरलं.

"आत्ता कसं!" मागून एक म्हातारी म्हणाली. ताई गाता गाता हसली.

मला मात्र सगळं पदराआडूनच येत होतं. हात सवयीने बटणाकडे गेला. तो मी खिशात घातला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.