घरगुती कारणास्तव

कागद अडवण्यात आमच्या बडेबाबूंची, म्हणजे हेडक्लार्कची, बरोबरी करील असा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि होऊही नये असंच मला नोकरीचे पहिले सहा महिने वाटत होतं. अकोल्यात मुलांना फिटर, टर्नर, सुतार असले धंदे शिकवणारी एक सरकारी संस्था होती. तिथे मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. आमच्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी मॅट्रिक झालो आणि पुढे अमरावतीहून बी. ए. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटकही कोणी पाहिलं नव्हतं. हे मी पहिल्याच दिवशी बडेबाबूंना सांगून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “बरं, पन बी. ए. कावून झाले तुमी?” जगाला विचारायला त्यांच्याजवळ ‘कावून’, म्हणजे ‘का’, हा एकच प्रश्न होता. मुलं पाठीमागे त्यांना कावूनबाबू म्हणत. बाजारात एखादी बाई वांगी स्वस्त देऊ लागली तर तिलाही ते कावून म्हणून विचारत, आणि कारण पटेपर्यंत ती वांगी दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असत. उन्हाळ्यात ते टोपीखाली कांदा ठेवून येत. संध्याकाळी तोच कांदा भाकरीशी खातात असं मुलं सांगत. मी पाहिलेलं नाही, पण मला ते खोटंही वाटत नाही.

त्यांचा खरा जीव रमे तो नाव काढून घेण्याच्या अर्जांत. मुलं सारी खेड्यातली, गरिबाघरची. आठ-पंधरा दिवसांनी एखादा यायचाच, हातात कागद: घरगुती कारणास्तव माझे नाव कमी करावे. नाव गेलं की विद्यावेतन गेलं, वसतिगृह गेलं, आणि पुन्हा मजुरी. बडेबाबू कागद उलटसुलट पाहत. “घरगुती म्हंजे काय बाप्पा? घरात चुलीपासून बुढ्यापावतर सारंच असते. नीट लिहून आन.” मुलगा दुसऱ्या दिवशी ‘आई आजारी’ लिहून आणी. “काय दुखते तिचं? कवापासून?” तिसऱ्या दिवशी कागदाच्या कडेला सोडलेला समास कमी पडे. चौथ्या दिवशी मुलगा लिहिता लिहिताच रडू लागे. मग बडेबाबू दार लोटून घेत आणि त्याच्यासाठी चहा सांगत. अर्ज तसाच टेबलावर राही. मला ही सगळी शुद्ध दिरंगाई वाटे.

तेल्हाऱ्याकडचा सुखदेव टर्नरच्या वर्गात, लोखंड कातायच्या लेथवर, शिकत होता. त्याचा अर्ज पाचदा परत गेला होता, पण तो रडत नव्हता आणि बोलतही नव्हता. बडेबाबू एक दिवस कामाला अमरावतीला गेले, आणि मी पदवीधराच्या तडफेनं तो अर्ज संस्थेच्या साहेबांपुढे ठेवून सही घेतली. दुपारच्या मोटारीनं सुखदेव पेटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंनी नाव कमी केल्याच्या हुकुमाची नक्कल वाचली. मला वाटलं, आता ओरडतील.

“कारन काय लिहिलं त्यानं?”

“घरगुती.”

“तुमाले समजलं ते?”

मी टेबलावरच्या फायली सारख्या करू लागलो.

“बी. ए. झाले ना तुमी? चला मंग, इचारून येऊ.”

पुढच्या सकाळी आम्ही त्याच्या गावी पोचलो तेव्हा सुखदेव दुसऱ्याच्या वावरात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटत होता. बडेबाबू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. “लेका, अर्ज अपुरा हाये तुहा,” एवढंच म्हणाले, आणि मग तासभर तिथून हलले नाहीत. ऊन चढत होतं. शेवटी सुखदेवच येऊन बाजूला बसला.

“शेजारच्या पोराची बोटं गेली लेथमंधी, माह्यासमोर. तवापासून मशीन सुरू झाली का हात थरथर कापतेत. झोप नाई. सांगतलं असतं त पागल म्हनून काढलं असतं. म्हनून मीच निघालो.”

“पागल व्हाचंच असतं त आंदी मी झालो असतो, एवढे अर्ज वाचून. ऊठ.”

अर्ज अपुरा असताना आपल्या कचेरीतून पुढे गेला, असं बडेबाबूंनी साहेबांना लिहून दिलं आणि हुकूम मागे घ्यायला लावला. त्या कागदावर माझं नाव नव्हतं. चूक माझी होती, हे आज मी लिहून ठेवतो.

पुढे महिनाभर रोज दुपारी ते सुखदेवच्या लेथजवळ स्टूल टाकून, कानांत कापसाचे बोळे घालून फायली तपासत बसले. पहिले आठ दिवस सुखदेवनं मशीन नुसती पुसली. मग चालू केली आणि लगेच बंद केली. हात कापू लागले की बडेबाबू फायलीतून मान वर न काढता म्हणत, “कापू दे. आपल्याले घाई नाई.” महिन्याच्या शेवटी त्यानं वीतभर लोखंडी दांडा कातून त्यांच्या फायलीवर आणून ठेवला. दांडा मापात होता.

त्या दिवशी मी त्यांना विचारलंच, “बडेबाबू, तुम्ही प्रत्येकाला इतकं खोदून का विचारता?”

त्यांनी एका कानातला बोळा काढला.

“मीबी होतो कॉलेजात. नागपूरले, दोन महिने. मन लागे ना. नाव काढा म्हनून सकाळी अर्ज देल्ला.”

“मग?”

“दुपारी मंजूर.”

मला आणखी विचारायचं होतं. पण त्यांनी बोळा परत कानात घातला होता, आणि सुखदेवनं लेथ सुरू केली होती.