शनिवारच्या उल्का

माझे बाबा फोनवर बोलत नाहीत. म्हणजे उचलतात, "जेवलीस का" विचारतात, "बरं आहे इकडे" म्हणतात आणि "ठेवतो" म्हणून ठेवतात. अर्धं मिनिट झालं तर डोक्यावरून पाणी. आई असताना फोन तिच्याकडे असायचा, ते मागून काहीतरी पुटपुटायचे. ती गेली आणि मला चेन्नईत नोकरी लागली. ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने अण्णा नगरला परतायचं, खोलीत एकटीने दहीभात खायचा आणि अर्ध्या मिनिटाचा बाप ऐकायचा. मला तो पुरत नव्हता.

त्यावर उपाय सापडला तो उल्कांचा. बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि उल्का मोजणं हा त्यांचा एकुलता एक शौक. दुर्बीण लागत नाही, फक्त पाठ लागते, असं ते म्हणायचे. माण तालुक्यातल्या आमच्या गावी स्लॅबवर सतरंजी टाकून मी त्यांच्याबरोबर उताणी पडत वाढले. दिसली की "आली" म्हणायचं. मग वेळ, कुठल्या नक्षत्रात, कुठल्या ताऱ्याइतकी तेजस्वी, मागे रेघ राहिली का, हे सांगायचं. ज्याने पाहिली त्यानेच सांगायचं. आठ वर्षांची असताना मी त्यांना खूश करायला एक उल्का बनवून सांगितली होती. त्यांनी ती खोडली आणि झोपेपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

तर ठरलं असं की दर शनिवारी साडेसात ते साडेआठ, ते त्यांच्या स्लॅबवर, मी माझ्या गच्चीवर, फोन उशाशी चालू. तासाभरात बोलणं फार तर दहा वाक्यांचं. पण त्यांचा श्वास ऐकू यायचा, खोकला यायचा, मागे कुणाची तरी म्हैस ओरडायची. मध्येच न विचारता ते आईबद्दल एखादं वाक्य बोलून जायचे. मी आठवडाभर त्या तासाची वाट बघायचे, दुसरं काही नाही.

एकच पंचाईत होती. चेन्नईच्या आकाशात मला काही दिसेना. पहिल्याच दोन शनिवारी मी "शून्य" म्हटलं तर बाबा म्हणाले, "एवढ्या उजेडात कशाला गं डोळे फोडून घेतेस? राहू दे की." राहू दे म्हणजे तो तासच बंद. तिसऱ्या शनिवारी मी एक उल्का सोडली. कृत्तिकांपाशी, व्याधाइतकी तेजस्वी, पांढरी. पुढे कधी एक, कधी दोन. बाबा "हं, लिहिली" म्हणायचे. लाज वाटायची, पण तास टिकला होता. बाबांच्या उल्का मी माझ्या वहीत मनापासून उतरवायचे आणि त्यांच्या काळ्याभोर आकाशाचा हेवा करायचे. वर्षभर हे असंच चाललं.

यंदा फाल्गुनात एका शनिवारी दिवसभर समुद्रावरून वारा आला आणि संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं. खालच्या मालकीणबाई तंजावरच्या मराठी. त्यांचं जुनं मराठी मला निम्मं कळतं, माझं त्यांना पाऊण. त्यांची समजूत आहे की मला पाठीचं दुखणं आहे म्हणून मी गच्चीत आडवी होते. त्यांनी वाळत घातलेले सांडगे गोळा करून नेले आणि मी चटई टाकली. व्याध जवळजवळ डोक्यावर, खाली दक्षिणेला अगस्ती चक्क ठसठशीत. मी आज कुठली सांगावी याचा विचार करत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी सरकलं.

"बाबा, आली. म्हणजे... बहुतेक. नक्की नाही."

"कुठे?"

"अगस्तीच्या वर. का डावीकडे? मी तिकडे बघत नव्हते हो. पिवळट होती. रोहिणीपेक्षा मंद असेल, किंवा शेवटी जास्त. मला सांगताच येत नाहीये."

बाबांनी "हं, लिहिली" म्हटलं नाही. मग म्हणाले, "ही खरी."

मी विचारलं, "आणि आधीच्या?"

"आधीच्या फार गुणी होत्या गं. वेळेवर यायच्या, बरोबर समोर पडायच्या, व्याधाइतक्या चमकायच्या. वर्षभरात तू एकदाही 'नक्की नाही' म्हणाली नाहीस. असा उल्का बघणारा मी आजवर पाहिला नाही."

"मग बोललात का नाही? लहानपणी एका उल्केवरून केवढा अबोला धरला होतात."

"बोललो असतो तर तू शनिवारी काय सांगून फोन केला असतास?"

मला रडू आलं आणि रागही आला. आम्ही दोघं इतके कसे घुमे, की नुसतं "आठवण येते" म्हणायला आम्हाला आकाश मध्ये घालावं लागतं. मी रागातच म्हटलं, "तुमच्या तरी खऱ्या होत्या ना?"

म्हैस ओरडली. बाबा खोकले.

"संक्रांतीपर्यंतच्या खऱ्या. त्यानंतर मला व्याधसुद्धा दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय म्हणे दोन्ही डोळ्यांत."

"अहो, गेल्या शनिवारी दोन सांगितल्यात. एक पुसट, खात्री नाही म्हणालात."

"ती घालावी लागते. मी तुझ्यासारखा कच्चा आहे का?"

मी उठून बसले. संक्रांतीपासून हा माणूस चाचपडत जिना चढतोय आणि माझ्यासाठी तासभर अंधाराकडे बघत पडून राहतोय. मी म्हटलं, सोमवारी रजा टाकते, ऑपरेशन करून घेऊ, एकटे राहू नका, नाहीतर इकडे या. एका दमात सगळं बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. नेहमीसारखं "बघू" म्हणाले नाहीत. "ये," म्हणाले.

साडेआठ कधीच वाजून गेले होते. मला वाटलं, आता "ठेवतो" म्हणतील.

"ती पिवळट," ते म्हणाले, "परत सांग बरं. सावकाश सांग, मी डोळे मिटलेत."